सीपीआय १.३८, तरी खात्यात खडखडाट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न ठाणे-बेलापूर पट्ट्यातून आणि ठाण्यातून आले आहेत आणि सगळे अर्न्ड व्हॅल्यूबद्दल, म्हणजे झालेल्या कामाची किंमत बजेटशी आणि खर्चाशी ताडून बघण्याच्या पद्धतीबद्दल आहेत. या पद्धतीला ईव्हीएम (अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट) म्हणतात, पण ईव्हीएम म्हटलं की आपल्याकडे मतदान यंत्रच डोळ्यांसमोर येतं, म्हणून इथे पूर्ण नावच वापरतो. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आजच्या तारखेपर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं ती पीव्ही (प्लॅन्ड व्हॅल्यू). प्रत्यक्षात जेवढं झालं त्याची बजेटच्या दराने किंमत म्हणजे ईव्ही (अर्न्ड व्हॅल्यू). तेवढ्या कामाला खरोखर लागलेला खर्च म्हणजे एसी (अ‍ॅक्च्युअल कॉस्ट). ईव्हीला एसीने भागलं की सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) मिळतो, पीव्हीने भागलं की एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक). आकडा एकाच्या खाली गेला तर पहिल्यात खर्च वाढलाय आणि दुसऱ्यात काम मागे पडलंय.

प्रश्न : आमची कंपनी रबाळ्याला आहे. पाइपिंग आणि स्ट्रक्चरचं फॅब्रिकेशन, इरेक्शन करतो. तळोज्यातल्या एका कामाच्या करारात क्लायंटने दरमहा अर्न्ड व्हॅल्यू रिपोर्ट मागितलाय. आमचं अंतर्गत बजेट २ कोटी ४० लाख, मुदत सहा महिने. दुसऱ्या महिन्याअखेर पीव्ही ७० लाख, ईव्ही ६२ लाख, टॅलीतला खर्च ४५ लाख होता. सीपीआय १.३८ आला, साहेब खूश. तिसऱ्या महिन्याअखेर ईव्ही ९८ लाख, खर्च १ कोटी १३ लाख, सीपीआय एकदम ०.८७. मधल्या तीस दिवसांत साइटवर वेगळं काहीच घडलं नाही. गणित कुठे चुकलं? बिलांची यादी सोबत जोडली आहे.
प्लॅनिंग इंजिनिअर, रबाळे

उत्तर : गणित बरोबर आहे, चुकली ती खर्चाची तारीख. तुमच्या यादीत दुसऱ्या महिन्यात झालेल्या पण टॅलीत न चढलेल्या कामाच्या चार नोंदी आहेत: फॅब्रिकेशनच्या सब-कॉन्ट्रॅक्टरचं बिल ११ लाख, पाइप आणि फ्लॅंज स्टोअरला येऊन वापरले गेले पण सप्लायरचं इन्व्हॉइस बुक झालं नाही ते ८ लाख, क्रेनचं भाडं साडेतीन लाख आणि वेल्डिंग रॉड, गॅस वगैरे दीड लाख. एकूण २४ लाख. ते धरले तर दुसऱ्या महिन्याचा एसी ६९ लाख आणि सीपीआय ०.९० होतो. तिसऱ्या महिन्यात तिमाही संपत होती, म्हणून अकाउंट्सने सगळी बिलं एकदम चढवली. खरी घसरण ०.९० वरून ०.८७ एवढीच, कागदावर मात्र कडा कोसळल्यासारखी दिसली.

या चुकीची किंमत किती ते पाहा. बजेटला सीपीआयने भागून शेवटचा खर्च काढला तर १.३८ ने तो १ कोटी ७४ लाख येतो आणि ०.९० ने २ कोटी ६७ लाख. एकाच कामाच्या दोन अंदाजांत ९३ लाखांचा फरक, आणि दोन्हींत साइटवरचा माणूस तोच. दुसरा हिशोब आणखी टोचणारा आहे. उरलेलं काम उरलेल्या पैशात बसवायला किती सीपीआय लागेल? दुसऱ्या महिन्याअखेर १७८ लाखांचं काम १७१ लाखांत बसवायचं होतं, म्हणजे १.०४. तिसऱ्या महिन्याअखेर १४२ लाखांचं काम १२७ लाखांत, म्हणजे १.१२. १.०४ साठी क्रेनचे रिकामे दिवस कमी करणं, वेल्डिंगचं रिपेअर घटवणं असं काही करता आलं असतं. ०.८७ ने चाललेलं काम १.१२ वर नेणं आमच्या मते सहसा जमत नाही. साहेब खूश होते तो महिनाच खरा हातातला होता.

आता उपाय. महिन्याची एकच कट-ऑफ तारीख ठरवा, समजा २५. प्रगतीचं मोजमाप आणि खर्च दोन्ही त्याच तारखेचे असले पाहिजेत. तुमच्याकडे प्रगती ३० तारखेची आणि खर्च पोस्टिंगच्या तारखेचा आहे, सगळी गडबड तिथेच आहे. मग एक साधं एक्सेल रजिस्टर: वर्क ऑर्डर नंबर, कामाचा कोड, मेजरमेंट बुकमध्ये सही झालेलं प्रमाण, दर, रक्कम आणि 'टॅलीत आलं का' हा रकाना. ज्यांच्यापुढे 'नाही' आहे त्यांची बेरीज टॅलीतल्या खर्चात मिळवली की एसी तयार. पुढच्या महिन्यात बिल चढलं की ती ओळ काढायला विसरू नका, नाहीतर तोच खर्च दोनदा मोजला जातो. टॅलीत कॉस्ट सेंटर, म्हणजे कामानुसार खर्च वेगळा नोंदवायचे कप्पे असतात. कामाचा कोड पर्चेस ऑर्डरवरच छापला तर इन्व्हॉइस कुठल्या खात्यात टाकायचं हे अकाउंटंटला साइटवर फोन करून विचारावं लागत नाही.

चार खड्डे आधीच सांगून ठेवतो. सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापलेली रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवलेली) रक्कम एसीमधून वजा करू नका. काम पूर्ण किमतीचं झालंय, पैसे उशिरा जातील एवढंच. त्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स एसीत धरू नका, त्याच्या बदल्यात अजून काम झालेलं नाही. बजेट जीएसटी सोडून असेल आणि क्रेडिट मिळत असेल तर खर्चही जीएसटी सोडूनच घ्या. चौथा खड्डा मालाचा: चाळीस लाखांचा पाइप स्टोअरला आला त्या दिवशी खर्चात पडला आणि ईव्ही मात्र पाइप उभा राहिल्यावर धरली, तर सीपीआय विनाकारण आपटतो. स्टोअरमधून इश्यू होईल तेव्हा खर्च धरा, किंवा माल आल्यावरच त्याची ईव्हीही द्या. दोनांपैकी काहीही चालेल, पण दोन्ही बाजूंना नियम एकच ठेवा.

प्रश्न : आम्ही बेलापूरची प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टन्सी चालवतो. आमचे बहुतेक क्लायंट म्हणतात, आधी सिस्टीम बसू द्या, मग अर्न्ड व्हॅल्यू बघू. काही म्हणतात, अर्न्ड व्हॅल्यू आणली की सिस्टीम आपोआप बसेल. संस्थेची परिपक्वता (कामाची घडी बसलेली असणं) आधी की पद्धत आधी?
संचालक, बेलापूर

उत्तर : दोघांचं थोडं थोडं खरं आहे, पण आम्ही दुसऱ्यांच्या बाजूने झुकतो. मात्र त्याला एक अट आहे, ती शेवटी सांगतो.

आधी पद्धतीचा इतिहास बघा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये कंत्राटदारांसाठी ३५ निकष घालून दिले. नव्वदच्या दशकात उद्योगाने ते नव्याने लिहून ३२ मार्गदर्शक तत्त्वं केली आणि १९९८ मध्ये त्यांना अमेरिकन राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ही ३२ तत्त्वं पाच गटांत आहेत: संघटना, नियोजन आणि बजेट, हिशोब, विश्लेषण आणि बदलांची नोंद. आपण ट्रेनिंगमध्ये शिकवतो ती सूत्रं जवळजवळ सगळी चौथ्या गटात येतात. बाकीचे चार गट कंपनीच्या सवयींचे आहेत. कोणत्या कामाला कोण जबाबदार, वेळापत्रक आणि बजेट एकाच कोडवर आहे का, खर्च त्या कोडवर पडतो का, स्कोप (कामाची व्याप्ती) बदलला की कुठे लिहिलं जातं. म्हणजे परिपक्वता ही पद्धतीबाहेरची पूर्वअट नाही, पद्धतीचा चार पंचमांश भाग तीच आहे.

त्यामुळे 'आमची परिपक्वता किती' असा एकच आकडा शोधण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीत खरेदी विभाग काटेकोर असतो आणि नियोजन विभागात बारचार्ट फक्त टेंडरपुरता बनतो. क्लायंटकडे गेल्यावर आम्ही सुचवू ते प्रश्न असे. काम कोणकोणत्या तुकड्यांत मोडलंय ती यादी नियोजन आणि अकाउंट्स या दोघांकडे एकच आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. बारचार्टमध्ये 'तिसरा मजला', टॅलीत 'सिमेंट', 'लेबर', 'डिझेल'. मंजूर झालेला मूळ आराखडा आज कपाटातून काढून दाखवता येतो का, की प्रत्येक महिन्याला नव्या तारखा जुन्यांवर लिहिल्या जातात? प्रगतीचा टक्का कोण ठरवतो, मोजून की अंदाजाने? आणि प्रत्येक तुकड्याच्या पैशाचं उत्तर देणारा एक माणूस नावानिशी आहे का?

चारही उत्तरं 'नाही' असतील तर रुपयांतली अर्न्ड व्हॅल्यू लगेच आणू नका. पहिले दोन-तीन कट-ऑफ फक्त प्रमाणांचे करा: घनमीटर, टन, इंच-डाय (पाइपच्या वेल्डिंगचं माप), रनिंग मीटर. नियोजित किती, झालं किती. यात अकाउंट्सचा संबंधच येत नाही, म्हणून भांडण कमी होतं आणि मोजायची सवय लागते. पुढचा टप्पा त्या प्रमाणांना बजेटचे दर लावण्याचा. तिसऱ्या टप्प्यात वरच्या रबाळ्याच्या उत्तरातल्यासारखा खर्च जोडा. अंदाज आणि मर्यादा, म्हणजे सीपीआय ०.९५ खाली गेला की लेखी खुलासा वगैरे, सगळ्यात शेवटी. आणि हे एकाच प्रकल्पावर. सगळ्या साइट्सवर एकदम परिपत्रक काढलं की दुसऱ्या महिन्यापासून सगळे जण हेड ऑफिसला आवडतील असे टक्के पाठवू लागतात.

आता ती अट. अर्न्ड व्हॅल्यू कंपनीची भोकं दाखवते, म्हणूनच ती परिपक्वता वाढवू शकते. पण भोक दाखवणाऱ्यालाच झापलं तर पुढच्या महिन्यापासून भोक दिसत नाही, फक्त मोठं होतं. अमेरिकेच्या नौदलाचा ए-१२ विमानाचा कार्यक्रम संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी जानेवारी १९९१ मध्ये रद्द केला. तिथे निकष होते, प्रशिक्षित माणसं होती, मासिक अहवाल होते आणि ते अहवाल खर्च वाढणार हे दाखवतही होते. चौकशीत दिसलं की वरच्यांनी त्यातला सगळ्यात आशावादी अंदाज उचलला. म्हणजे कागदावरची परिपक्वता असून वाईट बातमी वर चढत नसेल, तर सीपीआयचं काय करणार? क्लायंटच्या मालकांना पहिल्याच बैठकीत विचारा: पहिला रिपोर्ट ०.८ आला तर तुम्ही काय कराल? उत्तर 'त्या इंजिनिअरला बघतो' असं आलं, तर प्रमाणांच्या टप्प्यापुढे जाऊ नका.

प्रश्न : आमची आयटी कंपनी ऐरोलीला आहे. सीएमएमआय (प्रक्रियांच्या परिपक्वतेचं मानांकन) लेव्हल ३ आहे. तरी अर्न्ड व्हॅल्यू टिकत नाही. टीम्स स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांत काम करतात. असं का?
पीएमओ, ऐरोली

उत्तर : लेव्हल ३ चा अर्थ संस्थेची ठरलेली प्रक्रिया आहे आणि प्रकल्प ती गरजेप्रमाणे बेतून वापरतात. खर्चाचा आकडा कामाच्या तुकड्यापर्यंत पोचतो, असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकेच्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेने २००३ मध्ये ओपीएम३ हे परिपक्वतेचं प्रतिमान काढलं, त्यात तर एक ते पाच अशा पायऱ्याच ठेवल्या नाहीत. प्रमाणित करा, मोजा, ताब्यात ठेवा, सुधारत राहा अशी प्रत्येक प्रक्रियेची वेगळी वाटचाल त्यात धरली आहे. आम्हाला तो विचार जास्त पटतो. तुमची कोड रिव्ह्यूची प्रक्रिया 'सुधारत राहा'पर्यंत पोचली असेल, टाइमशीटची अजून पहिल्या पायरीवर असेल.

आमचा संशय टाइमशीटवरच आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जण आठ गुणिले पाच चाळीस भरतात. शनिवारी घरून केलेले सात तास कुठेच येत नाहीत. एसी कमी दिसतो, सीपीआय गोड दिसतो, आणि पुढच्या प्रकल्पाचं एस्टिमेट त्याच खोट्या आकड्यावर बेततात. पगार मिळो न मिळो, तास खरे लिहायला लावा. दुसरं, 'नव्वद टक्के झालं' ही नोंद बंद करा. दोन आठवड्यांपेक्षा लहान कामाला शून्य किंवा शंभर, त्याहून मोठं असेल तर सुरू झाल्यावर पन्नास आणि संपल्यावर उरलेले पन्नास. स्प्रिंटचीही अडचण नाही: रिलीजचे एकूण पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण) ठरवा, पूर्ण झालेल्या पॉइंटचं प्रमाण रिलीजच्या बजेटने गुणा, ईव्ही मिळते. पण मध्येच आलेल्या नव्या स्टोरीज (कामं) गुपचूप बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) घुसत असतील तर एकूण आकडा सरकत राहतो. प्रत्येक भर बदल म्हणून नोंदवा, बजेटसकट.

प्रश्न : घोडबंदर रोडवर २२ मजली टॉवरचं काम सुरू आहे. जून ते सप्टेंबर एसपीआय ०.७ च्या आसपास जातो आणि दरवर्षी बोलणी खावी लागतात. ईव्ही म्हणून आम्ही आरए बिलाची (रनिंग अकाउंट, म्हणजे काम होईल तसं लावायच्या बिलाची) रक्कम घेतो.
साइट इंजिनिअर, ठाणे

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. पाऊस दरवर्षी येतो आणि तुमच्या पीव्हीला तो माहीत नाही. बजेट भागिले महिने असं सरळ वाटप केलं की जूनमध्ये मागे पडणं ठरलेलंच. खोदकाम, बाहेरचं प्लास्टर, बाहेरचा रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग या कामांची उत्पादकता त्या चार महिन्यांत मूळ आराखड्यातच कमी धरा. आतलं वीटकाम, टाइल्स, प्लंबिंग तिकडे सरकवा. मग पावसात एसपीआय घसरला तर तो खरा इशारा असेल.

आरए बिल हे ईव्ही नाही. टेंडर भरताना प्लिंथपर्यंतचे दर चढे आणि फिनिशिंगचे उतरते ठेवायची पद्धत आहे, म्हणजे सुरुवातीला रोकड हातात येते. बिलाला ईव्ही मानलं की पहिल्या वर्षी काम पुढे दिसतं आणि फिनिशिंगला गाडी रुतते. अंतर्गत बजेटच्या दराने मोजा. स्लॅबसाठी टप्पे बांधा, समजा शटरिंग ३५, स्टील ३०, काँक्रीट ३०, शटरिंग उतरवणं ५. तुमचे आकडे तुमच्या खर्चाच्या वाट्यावरून काढा. रेरा कायद्यात ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. झालेलं काम आणि झालेला खर्च हे दोन्ही आकडे म्हणजे तुमच्या ऑफिसात आधीच तयार होतात. ते एकाच तारखेला आणि एकाच तुकड्यांवर आणले की अर्धी वाट सरली.

एक सावधगिरी. एसपीआय रुपयांत असल्यामुळे लिफ्टचा शाफ्ट अडला तरी खालच्या मजल्यांचं वीटकाम उरकून तो १.० करता येतो. आणि प्रकल्प दोन वर्षं उशिरा संपला तरी शेवटच्या दिवशी तो एकच होतो, कारण तोवर सगळं काम 'मिळवलेलं' असतं. वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये मांडलेली अर्न्ड शेड्यूलची पद्धत यासाठीच आहे: आजची ईव्ही मूळ आराखड्यात कोणत्या महिन्यात व्हायला हवी होती ते शोधा. चौदाव्या महिन्यात तुमची ईव्ही अकराव्या महिन्याच्या पीव्हीएवढी असेल तर तुम्ही तीन महिने मागे आहात. मालकांना ०.७ पेक्षा 'तीन महिने' पटकन कळतं. क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्प लांबतो ती साखळी) मात्र वेगळा बघावाच लागतो.

प्रश्न : प्रायमाव्हेरा (प्रकल्पाच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) घेतलं तर हे सगळं आपोआप होईल का?
तुर्भे

उत्तर : नाही. ते टक्के आणि खर्च मागतं. ते कुठून आणायचे हाच तर वरचा सगळा प्रश्न आहे.

प्रश्न : आराखडा किती वेळा बदलायचा? आमचे साहेब दर तिमाहीला रीबेसलाइन करायला, म्हणजे मूळ आराखडाच नव्याने ठरवायला सांगतात.
महापे

उत्तर : क्लायंटने स्कोप बदलला, काम थांबवलं, किंवा जुना आराखडा इतका निकामी झाला की त्याच्याशी तुलनाच होत नाही, तेव्हाच. नुसता उशीर हे कारण नाही. दर तिमाहीला रीबेसलाइन म्हणजे दर तिमाहीला एसपीआय एक करून घेणं. करावंच लागलं तर जुना आराखडा पुसू नका, कारण आणि सही लिहून ठेवा आणि रिपोर्टमध्ये मूळ बजेटशी फरक कायम दाखवत राहा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचं २५ माणसांचं फॅब्रिकेशन शॉप आहे. हा सगळा पसारा आम्हाला झेपेल का?
शॉप मालक, ठाणे

उत्तर : पसारा नकोच. रुपये सोडा, मनुष्य-तास धरा. हजेरी तुम्ही ठेवताच. समजा ४० टनांची ऑर्डर आहे आणि टनाला ३२ तास धरलेत, म्हणजे १,२८० तासांचं बजेट. कामाचे टप्पे भिंतीवर लावा: मार्किंग-कटिंग २० टक्के, फिट-अप ३०, वेल्डिंग ३५, ग्राइंडिंग आणि तपासणी १०, रंग आणि डिस्पॅच ५. चार आठवड्यांनी ४० टन कटिंग, २४ टन फिट-अप, १६ टन वेल्डिंग झालं असेल तर ८ अधिक ७.२ अधिक ५.६, म्हणजे २०.८ टन मिळवले. गुणिले ३२, साधारण ६६६ तास. हजेरीत ७८० तास निघाले तर प्रमाण ०.८५ आणि पूर्ण ऑर्डरला अंदाजे १,५०० तास लागणार. नुसते डिस्पॅच झालेले टन मोजले असते तर आज उत्तर शून्य आलं असतं आणि २२० तासांचा फटका शेवटच्या ट्रकबरोबर कळला असता.

हे शनिवारी वीस मिनिटांत होतं, फोरमनने फळ्यावर टन लिहिले की पुरे. ऑर्डरचा नंबर हजेरीच्या वहीत माणसापुढे लिहायला लावा. दोन ऑर्डरींचे तास मिसळले की पुढचं सगळं फुकट. दुरुस्तीच्या वेल्डिंगचे तासही त्याच ऑर्डरवर टाका, पण त्यांचे टन पुन्हा देऊ नका. आणि रंगवलेला माल ट्रक मिळत नाही म्हणून फाटकाशी पडून असेल, तर शेवटचे पाच टक्के ट्रक गेल्यावरच.